फ्रिजवरचा तक्ता

मला खोटं बोलता येत नाही, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. चौतीस वर्षं नागपूरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवलं. पोरांच्या वह्या तपासताना एका मार्काचीही दयामाया केली नाही. आणि साठी उलटल्यावर कॅनडात, एडमंटनला, पोटच्या लेकाच्या घरी, फ्रिजवर चिकटवलेल्या एका कागदावर मी रोज तीनदा खोटी खूण करत होते. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. बरोबरची खूण, लाल पेनानं, चांगली वळणदार. हे सगळं मी नीट सांगणार आहे, कारण त्या खुणांपायी आमचं अख्खं वर्ष गेलं.

आम्ही दोघं सप्टेंबरात आलो ते सहा महिन्यांच्या बोलीवर. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, घर काँडोत, म्हणजे फ्लॅटच, नवव्या मजल्यावर. पहिले दोन महिने मजेत गेले. पानं पिवळी झाली ती बघितली, नदीकाठी फिरलो, फोटो काढले, नागपूरला पाठवले. मग नोव्हेंबरात एका सकाळी चहा पिता पिता यांच्या डाव्या हातातला कप निसटला. मी ओरडले, "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं?" हे माझ्याकडे बघत होते आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. सून घरात होती म्हणून निभावलं. तिनं फोन केला, ॲम्ब्युलन्स पटकन आली, इंजेक्शन वेळेवर मिळालं. जीव वाचला. तोंडही सरळ झालं, बोलणं परत आलं. डावा पाय आणि डावा हात मात्र लुळा पडला.

हॉस्पिटलातून घरी आणलं त्या संध्याकाळी मी पहिला प्रश्न विचारला तो परत जायचा. मुलगा समोर बसला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आई, तिकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि तुम्ही दोघंच. उद्या तुला ताप आला, तुझी पाठ धरली, तर बाबांना कपडे कोण घालणार? बाबांनी स्वतःचा शर्ट स्वतः घालून, बटणं लावून, तीन मजले चढून दाखवावं. त्या दिवशी तिकिटं बुक करतो. आय प्रॉमिस. तोपर्यंत हा विषय नको."

मला राग आला. पण बोलण्यात खोट काढावी तर तीही सापडेना. लेकरू बरोबरच बोलत होतं. हे खुर्चीत बसून ऐकत होते. वीज खात्यात जन्म काढलेला माणूस, मुळात कमी बोलणारा. फक्त म्हणाले, "ठीक आहे ना बाप्पा."

म्हणजे परीक्षा ठरली. दोन पेपर. पाय आणि बटणं.

आता तो हिवाळा कसा होता ते सांगते. दोघं नोकरीला गेली की नवव्या मजल्यावर आम्ही दोघं. खिडकी चार बोटं उघडायची, त्यापुढे नाही, तशीच बनवलेली. उघडली तर उणे तीस आत यायचं. दाराला कुणी कडी घातली नव्हती, किल्ली समोर खुंटीला होती, पण जायचं कुठे? खाली उतरायचं तर यांना थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, टोपी, मोजे, बूट. सगळं घालून होईपर्यंत मला घाम आणि यांना दम. आणि खाली काय, तर बर्फ. तोही चालून चालून काचेसारखा झालेला. एकदा घसरले असते तर संपलंच. नागपूरला मी संध्याकाळी पाच वाजता भाजी आणायला निघायचे ती सात वाजता परत यायचे, आणि त्यात भाजी घ्यायला दहा मिनिटं पुरत. इथे चार वाजता अंधार. मी काचेला नाक लावून खालून जाणारी ट्रेन बघायची आणि मनात म्हणायची, कोंबडीच्या खुराड्यातसुद्धा जास्त हवा असते.

व्यायाम करून घेणारी थेरपिस्ट बाई मात्र चांगली मिळाली. तिशीतली असेल, उंच, केस पोरासारखे कापलेले, आणि कधीही घाईत नसलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, मोठं काही करायचं नाही, छोट्या छोट्या सवयी लावायच्या, रोज, न चुकता. सवय लागली की मेंदू नवी वाट शोधतो. मला एकदम पटलं. थेंबे थेंबे तळे साचे, हे मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. तिनं एक तक्ता दिला. सात ओळी, रोजचे चौकोन, केलं की खूण. मी तो फ्रिजवर लावला आणि शेजारी लाल पेन दोरीनं बांधलं.

सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला बसून दहा वेळा उभं राहणं. दिवसभरात ठरल्याइतकं पाणी. गोळ्या. जेवणानंतर चालणं. एक दिवसाआड जिना. रात्री दहाला झोप. आणि सातवी ओळ हाताची, तिच्याकडे येतेच.

चालण्याचं ऐकून मी हसलेच. जेवणानंतर शतपावली, हे काय आम्हाला कॅनडानं शिकवायचं? बाहेर जाता येत नव्हतं म्हणून आम्ही काँडोच्या कॉरिडॉरमध्ये चालायचो. आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत, तिथून कचरा टाकायच्या दारापर्यंत आणि परत. जमिनीवर करडा गालिचा, भिंतीही करड्या, दोन्हीकडे बंद दारं. मी पुढे, हे मागे काठी टेकत. मी मोजायची. एक, दोन, तीन. पन्नासला हे थांबायचे आणि म्हणायचे, "झालं." मी म्हणायची, "शतपावली म्हणतात, अर्धशतपावली नाही म्हणत. चला." शिव्या घातल्या त्यांनी मला मनातल्या मनात, तोंडावरून कळायचं. पण चालले. जानेवारीत काठी सुटली. फेब्रुवारीत आम्ही आगीच्या वेळचा जो सिमेंटचा जिना असतो, गार, ट्यूबलाइटचा, त्यात नवव्यावरून बाराव्यावर चढून दाखवलं. तीन मजले! कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबून, पण चढले. मी वर उभी राहून टाळ्या वाजवल्या. जिन्यात त्या टाळ्यांचा केवढा आवाज झाला. पहिला पेपर सुटला.

आता सातवी ओळ. तिच्यात लिहिलं होतं की प्रत्येक जेवणात डाव्या हातानं काटा किंवा चमचा धरून खायचं. नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण. दिवसातून तीनदा हमखास येणारी वेळ, म्हणून थेरपिस्टला ती सर्वांत मोलाची वाटत होती. मी तिला म्हटलं, आम्ही उजव्या हातानं जेवतो. ती म्हणाली, माहीत आहे, पण हा व्यायाम समजा. औषध समजा.

डाव्या हातानं जेवायचं? अन्न? माझ्या घशाखाली ते उतरेचना. मी अशी बाई, की वर्गात एखादं पोर डाव्या हातात पेन्सिल धरताना दिसलं की ती काढून उजव्या हातात द्यायची. रागावून नाही, प्रेमानं, पण द्यायचीच. किती जणांचे हात मी असे वळवले असतील कोण जाणे. प्रसाद डाव्या हातानं घेतला म्हणून माझ्या स्वतःच्या लेकाच्या हातावर मी चापट मारलेली आहे.

तरी पहिल्या दिवशी प्रयत्न केला. जाड मुठीचा चमचा दिला होता थेरपिस्टनं. यांची बोटं उघडेनात. मी एकेक बोट उघडून चमचा धरवला. वरण-भाताचा पहिला घास वर उचलला तो थरथरत छातीवर सांडला. दुसरा मांडीवर. तिसऱ्याला यांनी मानच खाली नेली ताटाकडे. मला बघवेना. ज्या माणसाच्या ताटात मी चाळीस वर्षं मीठसुद्धा ठरल्या जागी वाढलं, तो माणूस असा जेवणार?

"नको ते," मी म्हटलं आणि चमचा काढून घेतला. "शोभतं का हे? उजवा हात धडधाकट आहे ना देवाच्या दयेनं. जेवा सरळ."

हे उजव्या हातानं जेवले. मी छाती पुसली, बंडी बदलली, शर्टाची बटणं लावली. मग फ्रिजपाशी गेले. वरचे चौकोन लाल खुणांनी भरत आलेले आणि सातवा मोकळा. मोकळा चौकोन मला आयुष्यात कधी बघवला नाही. मी खूण केली.

का केली? खरं सांगते. मला वाटलं, मोकळं ठेवलं तर ती बाई मुलाला सांगेल, मुलगा मला बोलेल. मला वाटलं, माणूस पायानं चालतो, हाताचं काय, येईल आपोआप. आणि मला हेही वाटलं, की माझ्या नवऱ्याला काय चांगलं ते परदेशातली कालची पोर मला शिकवणार का? दुसऱ्या दिवशी हात आपोआपच पेनाकडे गेला. तिसऱ्या दिवशी विचारही केला नाही. सवय लागायला एवढा कमी वेळ लागतो.

बाकी मी यांची सेवा केली, त्यात कुठे कमी पडले नाही. ताट हलू नये म्हणून एका हातानं धरून बसायची. पाण्याचा ग्लास ओठाला लावायची. वरण हवं का, भाजी हवी का, विचारायच्या आत वाढायची. सकाळी मुलगा उठायच्या आधी यांना उठवून शर्ट घालायची, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावायची, थंडी छातीत शिरू नये म्हणून अगदी गळ्यापर्यंत. हे मान वर करून उभे राहायचे. मग दिवसभर कॉलरमध्ये बोट घालून मान इकडून तिकडे फिरवायचे. मी म्हटलं, आजारानं लागलेली खोड असेल.

मार्चमध्ये तपासणी झाली. पाय बघून थेरपिस्ट खूश. मग तिनं यांच्यापुढे एक शर्ट ठेवला आणि म्हणाली, लावा बटणं. उजव्या हातानं काज धरलं तर बटण धरायला हात नाही, बटण धरलं तर काज निसटतंय. डाव्या हाताची मूठ तशीच, नोव्हेंबरात होती तशी. ती बराच वेळ हात दाबून बघत राहिली. मग तिनं माझ्याकडचे तक्ते चाळले. चार महिन्यांचे, एकही चौकोन रिकामा नाही.

"रोज तीनदा करता तुम्ही?" तिनं विचारलं.

"येस," मी म्हटलं. "एव्हरी डे."

हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी खाली आपल्या बुटांकडे बघितलं आणि बघतच राहिले.

दुसरा पेपर गेला. मुक्काम वाढला. मुलानं कागदपत्रं केली, त्याला त्यात काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं असेल. मी मात्र धुमसत होते. उन्हाळा आला की निदान मोकळं फिरू म्हटलं, तर उन्हाळ्यात कुठे तरी लांब जंगलं पेटली आणि धूर शहरावर येऊन बसला. सूर्य भर दुपारी कुंकवासारखा लाल. बातम्यांत सांगत होते, दारं-खिडक्या बंद ठेवा, म्हाताऱ्या माणसांनी बाहेर पडू नका. म्हणजे हिवाळ्यात थंडीनं कोंडलं, उन्हाळ्यात धुरानं. त्या चार बोटांच्या फटीलासुद्धा सुनेनं टेप लावली. एक दिवस माझा तोल गेला.

"तू आम्हाला डांबून ठेवलंयस," मी मुलाला म्हटलं. "चांगलं एसीच्या तुरुंगात. वर दोन वेळ जेवायला घालून."

तो लॅपटॉपवरून उठलासुद्धा नाही. "आई, मी काय अट घातली होती? चार बटणं. जगातली सगळ्यात सोपी अट आहे. बाबांकडून ती होत नाही यात माझी काय चूक?" मग त्याचा आवाज बदलला. "मला काय हौस आहे का तुला असं बघायची? पण तिकडून रात्री-बेरात्री फोन आला, की बाबा बाथरूममध्ये पडलेत, तर मी इथून काय करू शकतो, सांग."

त्याचे डोळे भरले होते. चार बटणं का होत नाहीत हे त्या घरात फक्त दोघांना माहीत होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजवर दुपारची खूण केली.

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात थेरपिस्टनं कळवलं, की ती घरी येणार. क्लिनिकमध्ये उत्तर सापडत नाहीये, घरी दिवस कसा जातो ते बघायचंय. मुद्दाम दुपारच्या जेवणाची वेळ निवडली. आदल्या रात्री मी यांना म्हटलं, "उद्या तेवढा चमचा धरा डाव्या हातात." हे म्हणाले, "वर्षभर धरला नाही तो उद्या धरून राहीन का मी?" एवढंच. आवाज चढवला नाही, पण ते वाक्य मला लागलं.

ती आली. मी पोळ्या केल्या होत्या, भरली वांगी, कोशिंबीर, वरण-भात. जेवायच्या वेळेला घरी आलेल्या माणसाला उपाशी ठेवायची आमची रीत नाही, म्हणून तिचंही ताट मांडलं. शेजारी काटा-चमचा ठेवला. तिनं तो बाजूला सारला. "तुम्ही जेवता तसं शिकवा मला," म्हणाली.

शिकवणं म्हटलं की मी सगळं विसरते. तिला दाखवलं, पोळी एका हातानं कशी तोडायची, अंगठा कुठे, बोटं कुठे, तुकड्यात भाजी कशी उचलायची. उजव्याच हातानं, दुसरा हात लावायचा नाही. तिला जमेना, हसली, परत केलं. बोटांना वांग्याचा मसाला, कोपरापर्यंत ओघळ. ठसका लागला तिला. पाण्याकडे हात नेला आणि मध्येच थांबली. तेल-तिखटानं भरलेला हात बघितला, स्वच्छ ग्लास बघितला.

"आता हा कुठल्या हातानं धरू?" तिनं विचारलं.

"डाव्या," मी म्हटलं. "उजवा खरकटा आहे ना."

"आणि भाजी अजून हवी असेल तर?"

"डाव्या हातानं वाढून घ्यायची. खरकटा हात भांड्याला लावत नाहीत आमच्यात."

बोलताना माझा एक हात यांचं ताट धरून होता आणि दुसऱ्या हातानं मी यांच्या ओठाला ग्लास लावलेला होता. ती बघत होती. माझ्याकडे नाही, टेबलाखाली, यांच्या मांडीवर मूठ मिटून पडलेल्या डाव्या हाताकडे. मला माझं वाक्य परत ऐकू आलं.

अगं बाई. म्हणजे डाव्या हाताला आमच्या ताटावर काम होतं. तोंडात घास घालायचं नाही, पण बाकी सगळं. ताट धरायचं, पाणी प्यायचं, वरण वाढून घ्यायचं. कुठली रीत मोडायची नव्हती, कुठला देव कोपणार नव्हता. मी रीतीच्या नावावर त्या बाईचा चमचा फेकला, आणि रीतीनं जे काम त्या हाताचं होतं ते चाळीस वर्षं मीच करत होते. आजारपणाच्या आधीपासून! यांनी आपल्या हातानं कधी पाण्याचा ग्लास भरून घेतला, मला आठवेना.

"हे तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी चमचा दिलाच नसता," ती हळूच म्हणाली. "ग्लास दिला असता."

मग मी सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, खरकट्या हातानं, रडत. खुणा खोट्या आहेत. सगळ्या. पहिल्या दिवसापासून. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी कोपऱ्यात उभं करायची, मला कुठे उभं करशील ते कर.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, पहिले काही महिने हात लवकर शिकतो, ते आता गेले. ते परत येणार नाहीत. आता हळू शिकेल, कदाचित पूर्ण नाही शिकणार. पण शिकेल. मग तिनं नवा कोरा कागद काढला. यांच्या नावाचा नाही, माझ्या नावाचा. त्यावर एकच ओळ. जेवताना आणि कपडे घालताना दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली.

"त्यांच्या सवयी मी बघते," ती म्हणाली. "ही सर्वांत अवघड आहे. ही तुम्ही लावा."

रात्री मुलाला मीच सांगितलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं होतं ओरडेल. तो उठला, माझ्या नावाचा तक्ता उचलून फ्रिजवर लावला, आणि लाल पेनाची दोरी सोडून पेन खिशात टाकलं. "खूण मी करणार," म्हणाला. चुकीचं काय होतं त्यात?

लोक म्हणतात जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी म्हणते, हातावर बसून बघा एकदा. समोर माणसाचा ग्लास थरथरतोय, पाणी शर्टावर सांडतंय, ताट टेबलावरून सरकत चाललंय, आणि आपण बघायचं. माझे खांदे दुखायचे. घास गिळवत नसे. एकदा वरणाची वाटी कलंडली आणि मी झटकन उठले, तर हे ओरडले, "बस खाली!" चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी बसले. मला भयंकर अपमान वाटला, आणि यांनी डाव्या मुठीत कसाबसा फडका धरून टेबल पुसलं, निम्मं वरण जमिनीवर लोटलं. ते मी नंतर पुसलं. पण नंतर.

मला त्या दिवसांत कळेना, की मी कशासाठी आहे मग? वाढायचं नाही, धरायचं नाही, पुसायचं नाही. बाहेर बर्फ, आत हे स्वतःचं स्वतः करतायत. माझ्या दोन हातांना त्या घरात कामच उरलं नाही, आणि यांचं कोंडणं कमी होत गेलं तसं माझं वाढत गेलं, हे कबूल करायला मला लाज वाटते. कधी कधी वाटायचं, पडू दे ग्लास, म्हणजे मला उठता येईल. असंही वाटलं मला, देवा शप्पथ.

ग्लास पडायचा थांबला डिसेंबरात. जानेवारीत यांनी डाव्या हातानं पळी धरून कढी वाढून घेतली. आधी स्वतःला, मग, पळी हवेत डुगडुगत असताना, मला. मी "पुरे पुरे" म्हणेपर्यंत वाढली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून उघडत नव्हती, अजूनही उघडत नाहीत. ती तशीच राहणार. ती दोन बोटं माझ्या खात्यावर आहेत, मी विसरत नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी यांनी मुलाला हाक मारली. "ये इकडे. बस." सून चहा घेऊन आली. मी समोरच्या खुर्चीवर, हात मांड्यांखाली. यांनी निळा चौकडीचा शर्ट अंगात चढवला, आधी डावा हात, मग उजवा, थेरपिस्टनं शिकवलं तसं. आणि खालच्या बटणापासून सुरुवात केली. डाव्या हाताच्या तीन बोटांत काजाची कड, उजव्यात बटण. पहिलं लागलं. दुसऱ्याला खूप वेळ लागला, तीनदा निसटलं. चहा गार झाला, कुणी प्यायला नाही. तिसरं. चौथं. मुलगा गुडघ्यावर कोपरं टेकून बघत होता, लहानपणी बाप सायकलची चेन बसवायचा तेव्हा बघायचा तसा. पाचवं लागलं. सहावं लागलं. आणि हे थांबले.

गळ्याजवळचं एक राहिलं होतं. सहा केली आणि सातव्याला हात थकला? एका बटणासाठी अजून एक वर्ष? माझे हात कधी बाहेर आले मला कळलंच नाही, मी अर्धी उठले होते.

"अहो, अजून एक आहे. वरचं."

"राहू दे," हे म्हणाले.

"राहू दे काय? तो मोजेल. लावा, जमेल तुम्हाला."

"जमेल. पण वरचं बटण मी आयुष्यात कधी लावलं नाही." त्यांनी उघड्या गळ्यावरून उजवा हात फिरवला. "ऑफिसात नाही, लग्नकार्यात नाही. गुदमरतं मला. वर्षभर तू लावून राहिली."

भिंतीवर सुनेनं लावलेला आमचा जुना फोटो होता, नागपूरच्या स्टुडिओतला. त्यात यांचा गळा उघडा. मी तो फोटो रोज पुसत होते.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "एक वर्ष, अहो. बोलणं तर परत आलं होतं ना?"

हे म्हणाले, "तू किती मन लावून लावायची."

मुलानं डोळे पुसले, उठला, आणि लॅपटॉप आणायला आत गेला. एप्रिलमधली तिकिटं बघतो म्हणाला. मी खुर्चीत परत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.